डिकीतले पाणी

पाणी जास्त झाले अशी तक्रार करणाऱ्या माणसाकडे आमच्या रावेरात लोक चमत्कारिक नजरेने पाहतात. तालुका केळीचा. मृगबाग लावा की कांदेबाग, केळीला पाणी हवेच. आणि ते पाणी तर वर्षानुवर्षे जमिनीच्या पोटात खाली खाली चालले आहे. बापाने हातांनी खणलेल्या विहिरी आटल्या आणि मुलगे बोअरच्या यंत्रापुढे हात जोडून उभे राहू लागले. अशा गावात एका शिक्षकाच्या जुन्या मोटारीच्या डिकीत, न खणता आणि न मागता, पाणी लागले. ही बातमी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत पोहोचली, तेव्हा एका सहकाऱ्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "किती इंची आहे?"

हसण्यासारखीच गोष्ट आहे ही, मी नाही म्हणत नाही. परंतु त्या पाण्याने माझे जे नुकसान केले ते पैशांत मोजण्यासारखे नव्हते. आणि त्या पाण्याचा माग काढताना मला जे दिसले, ते पाहून हसू येण्यासारखे तर मुळीच नव्हते.

गाडी मी चार वर्षांपूर्वी जुनी घेतली. ती कोणत्या कंपनीची हे सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नाही, वयाचा आहे. चार दारे, मागे ऐसपैस डिकी. खरे सांगायचे तर मी गाडी पाहिलीच नाही, डिकी पाहिली आणि सौदा केला. आम्हा मध्यमवर्गीयांना मोटारीची ऐट तिच्या वेगात वाटत नाही. लग्नाहून परतताना आहेराची पातेली आणि मामाने दिलेला केळीचा अख्खा घड एकाच वेळी मावतो की नाही, यात वाटते.

डिकी या शब्दाचीही गंमत आहे. जुन्या काळच्या घोडागाडीच्या मागच्या बाजूला नोकराने बसण्यासाठी एक उघडी बैठक असे, तिचे हे इंग्रजी नाव. पुढे मोटारी आल्या, तेव्हा मागचे झाकण उचलले की आतून निघणाऱ्या बैठकीला तेच नाव मिळाले. माणसे तिथून उठून आत गेली, सामान राहिले आणि नाव आपल्याकडे टिकले. तिच्या तळाशी झोपलेल्या स्टेपनीचेही तसेच. वेल्समधल्या लनेथ्ली गावी स्टेपनी नावाचा एक रस्ता आहे. तिथे 1904 साली एका कारागिराने मोटारीसाठी जादा चाक तयार केले आणि रस्त्याचे नाव चाकाला चिकटले. इंग्लंडात तो शब्द केव्हाच मागे पडला. आमच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी मात्र तो अजून रोज आहे. आपण वस्तू टाकून देतो आणि शब्द जपतो. कधी कधी माणसांच्या बाबतीतही आपण असेच करतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमचे आबा गेल्या माघात गेले. तापीच्या बाजूला आमचे गाव आहे. थोरला भाऊ तिथेच राहून शेती पाहतो, मी तालुक्याला नोकरीला. वाटणी आबांच्या देखतच झाली होती. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. पण वाटणीची रेघ कागदावर जितकी बारीक असते तितकी ती घरात राहत नाही. दादाचे माझ्याकडे येणे कमी झाले, माझे तिकडे जाणे सणावारापुरते उरले. दोघांनाही हे कळत होते आणि दोघेही कामाचे निमित्त सांगत होतो.

आबांच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंत मी फक्त त्यांच्या वह्या मागितल्या. पस्तीस-चाळीस वर्षांचे रोजमेळ. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, उभ्या बांधणीच्या वह्या. केळीची खोडे किती लावली, किती वाऱ्याने पडली, कापणीला किती माणसे होती, रावेर स्टेशनातून दिल्लीकडे माल गेला तेव्हा भाव काय मिळाला, हे सारे त्यांनी निळ्या शाईने लिहिलेले. मी कादंबऱ्या लिहितो. आबांनी माझी एकही कादंबरी पुरी वाचली नसेल. पण मला मात्र त्यांच्या वह्या वाचायच्या होत्या. दादाने माळ्यावरून त्या काढून, झटकून, वहिनीच्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या. जूनच्या मध्यावर, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, मी गावी जाऊन ते गाठोडे डिकीत ठेवून घेऊन आलो.

त्याच रात्री मृगाचा पाऊस आला. दुसऱ्या रात्रीही आला. गाडी नेहमीप्रमाणे अंगणाबाहेर निंबाखाली उभी होती. शाळा उघडली, प्रवेश, वेळापत्रक, पुस्तकांचे वाटप या गडबडीत गाठोडे डिकीतच राहिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बाहेर काढले, तो खालून ठिबकत होते. वरच्या दोन वह्या कोरड्या होत्या. खालच्या सगळ्या भिजून फुगल्या होत्या. पानापानांतून निळी शाई उतरून पुठ्ठ्याच्या लाल रंगात मिसळली होती. चाळीस वर्षांचा हिशेब एका जांभळ्या डागात जमा झाला होता.

डिकीतली चटईही ओली होती. गाठोडे ओले होते, त्याचे पाणी चटईला लागले, असे मी अनुमान काढले. शाळेत पोरांना गणित शिकवताना 'यावरून हे सिद्ध होते' असे मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. पण चटई ओली होती म्हणून गाठोडे ओले झाले असेल, हे उलटे गणित माझ्या डोक्यात शिरलेच नाही. याचे कारण उघड होते. दादाच्या घराचे छप्पर जुने आहे, माळा गळतो, हे मला ठाऊक होते. आणि दादा निष्काळजी आहे असे मानायला माझे मन अगोदरच तयार होते.

मी तिथूनच, ओल्या हातांनी, फोन लावला.

"आबांच्या वह्यासुद्धा तुला कोरड्या ठेवता आल्या नाहीत? माळा गळतो हे माहीत होतं, तर मला आधीच द्यायच्या होत्या. जमिनीचे कागद मात्र बरोबर कोरडे राहिले!"

शेवटचे वाक्य बोलायचे ठरवले नव्हते. ते आपोआप आले. म्हणजे कुठेतरी साठलेले होते. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग दादा म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

वह्या मी पंख्याखाली वाळवल्या आणि न वाचता कपाटात ठेवून दिल्या. महिना गेला. दादाचा फोन नाही, माझाही नाही.

मध्यंतरी गाडी आपल्या परीने मला सांगत होती. सकाळी दार उघडले की आत कोंदट वास येई. मागच्या काचेवर आतून धुके धरलेले असे. जॅकच्या लोखंडावर तांबूस पूड दिसू लागली. सौ. म्हणाली, "गाडीत काहीतरी कुजतंय." मी म्हणालो, "पावसाळाच आहे." पावसाळ्यावर ढकलली की कोणतीही गोष्ट बघावी लागत नाही.

आषाढाच्या शेवटी नागपूरहून मेहुणे सहकुटुंब आले. रावेरला आलेल्या पाहुण्याला आम्ही बऱ्हाणपूर दाखवतोच. मोटारीने पाऊण तासाची वाट. तिथे लालबागेच्या बाजूला कुंडी भंडारा आहे. 1615 साली, अब्दुल रहीम खान-ए-खाना तिथे सुभेदार असताना, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्यातून झिरपत येणारे पाणी जमिनीखाली बोगद्याने अडवून शहराकडे वळवले. वर शंभराहून अधिक विहिरींसारख्या कुंड्या, खाली त्यांना जोडणारा बोगदा. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी चारशे वर्षे वाहते आहे. पाळण्यातून खाली उतरलो. गुडघाभर निर्मळ पाणी, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. माहिती सांगणारा म्हणाला, हे पाणी इथे पडलेले नाही. डोंगरात पडते, मुरते, आतल्या आत प्रवास करते आणि इथे दिसते. मी मान डोलावली. शिक्षकाला मान डोलावण्याची सवय असते. ऐकलेले आपल्याला लागू आहे की काय, हे तपासण्याची नसते.

परतताना महाराष्ट्राच्या हद्दीत शिरलो आणि मागचे चाक बसले. डिकी उघडली, सामान बाहेर काढले, चटई उचलली, तो स्टेपनी आपल्या खड्ड्यात डबक्यातल्या म्हशीसारखी निवांत पाण्यात बसलेली! मेहुणे वाकून पाहत म्हणाले, "दाजी, कुंडी भंडाऱ्याची शेवटची कुंडी इथं आहे होय!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. पाणी तांब्याने उपसले. मुलीने मोजले, अकरा तांबे भरले. चाक बदलले आणि घरी आलो.

रात्री झोप लागेना. कुंडी भंडाऱ्याची ती शेवटची कुंडी काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. डिकीत पाणी येते. म्हणजे चटई भिजते. चटईवर ठेवलेली वस्तू खालून भिजते. वरच्या दोन वह्या कोरड्या होत्या. माळा गळून गाठोडे भिजले असते, तर ते वरून भिजले असते.

हे प्रमेय पाचवीतल्या पोरालाही सुटले असते. मला सोडवायला महिना लागला.

इथे मी एक कबुली देतो. त्या रात्री, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दादाला फोन करायला हवा होता. तो मी केला नाही. गळती नेमकी कुठे आहे हे सापडेपर्यंत बोलणे बरोबर नाही, पुरावा हाती हवा, असे मी मनाला समजावले आणि त्याला शास्त्रीय वृत्ती असे भारदस्त नाव दिले. खरे नाव निराळे होते. 'चुकलो' हा शब्द घशात अडकला होता आणि त्याला खाली ढकलायला मला काहीतरी निमित्त हवे होते.

म्हणून मी गळतीच्या मागे लागलो.

पहिला संशय झाकणाच्या रबरावर. डिकीच्या काठाने रबराची जी पट्टी असते, तिला गॅरेजवाले बीडिंग म्हणतात. झाकण बसले की ती दाबली जावी आणि पाणी बाहेर राहावे, एवढेच तिचे काम. ती दाबली जाते की नाही हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावायचे आणि पट्टी ओढायची. अडखळत निघाली तर रबर ठीक; सुळकन निघाली तर तिथे फट. जुन्या चाचणी परीक्षेच्या कागदांच्या पट्ट्या करून मी काठाने फिरलो. चार ठिकाणी पट्टी सुळकन निघाली. गुन्हेगार सापडला!

रबराची दया आली. चार्ल्स गुडइयर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1839 मध्ये गंधक मिसळून रबर तापवले आणि ते चिवट झाले, म्हणून आज जगाची चाके फिरतात. परंतु पुढे ऊन आणि हवा त्याला तापवतच राहतात. आमच्या वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तव्यासारखा होतो. त्या तव्यावर वर्षानुवर्षे भाजलेले रबर कडक होते, आकसते, तडकते. पाऊस जूनमध्ये आत शिरतो खरा, पण त्याला दार मे महिन्यानेच उघडून दिलेले असते.

नवे बीडिंग बसवले. पाऊस आला. डिकीत सात तांबे.

मग मी बाजारातून सांधे बुजवायच्या लुकणाची नळी आणली आणि जिथे फट दिसेल, भोक दिसेल, नुसता संशय येईल तिथे ते भरत सुटलो. मागच्या दिव्यांच्या कडा भरल्या, नंबरपाटीचे स्क्रू भरले. स्टेपनीच्या खड्ड्याच्या तळाशी एक रबरी बूच होते. ते जरा सैल दिसले, तेही चिणून टाकले. पुन्हा पाऊस आला. डिकीत सतरा तांबे! येणारी वाट तशीच राहिली होती. चुकून जी एक जाणारी वाट होती, ती मी बंद केली होती.

शेवटी गाडी मोटारींचे पत्र्याचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माझी ती पांढरी कारागिरी नखाने खरवडून पाहिली आणि विचारले, "मास्तर, हे कोनी केलं?"

"मीच."

"पानी कठून येते ते पाह्यलं?"

"उजव्या कोपऱ्यात साठतं."

चाचा हसले. "मी साठते कठी ते नाही इचारलं. पानी जठी दिसते तठून येत नाही, मास्तर. दिसते तो त्याचा मुक्काम. रस्ता निराळा."

कुंडी भंडाऱ्यात हेच ऐकून मी मान डोलावली होती. या वेळी मान हलली नाही.

त्यांनी रीत सांगितली. डिकी पूर्ण रिकामी करा. चटई, पुठ्ठे, स्टेपनी, सगळे बाहेर. आतला पत्रा फडक्याने कोरडा ठणठणीत करा. सांध्यांवर कोरडी पांढरी पूड भुरभुरवा, म्हणजे पाण्याची वाट उमटेल. एकाने बॅटरी घेऊन आत बसा, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडा. जोराचा फवारा नको. जोराने पाणी नको तिथेही शिरते. नळी अलगद धरा, खालून सुरुवात करा, एकेका जागी पाच मिनिटे थांबा, मगच वर सरका. आधी वरून ओतले तर पाणी सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही.

पांढऱ्या पुडीची मला ददात नव्हती. खडूचे तुकडे वरवंट्याखाली कुटले. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा उरकून आम्ही बापलेक कामाला लागलो. मागच्या सीटची पाठ काढून ठेवली, म्हणजे आत हवा राहील आणि वाटेल तेव्हा बाहेर येता येईल. मुलगी बॅटरी घेऊन आत शिरली, झाकण लावले, नळी हातात घेतली. सौ. दारात उभी राहून पाहत होती. तिचे मत काय होते हे तिने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

मागच्या दिव्यांखाली पाणी सोडले. "बाबा, कोरडं!"

दिव्यांवर सोडले. "कोरडं!"

झाकणाच्या खालच्या काठाला, उजव्या बाजूला, डाव्या बाजूला. "कोरडं, बाबा, कोरडंच!"

अर्धा तास गेला. नळी वर सरकत सरकत मागच्या काचेखालच्या पन्हळीत आली, डाव्या कोपऱ्यात. मिनिट, दोन मिनिटे. आणि आतून, नवा चेंडू सापडावा तशी आरोळी आली, "आलं! आलं! बाबा, डावीकडून आलं, पण ते खाली पडतच नाही! वायरवरून चाललंय!"

मी नळी टाकून आत डोकावलो. खडूच्या पुडीत एक ओली रेघ उमटली होती. पन्हळीच्या दोन पत्र्यांच्या सांध्यात भरलेले लुकण उन्हाने तडकले होते. तडा शिसपेन्सिलीच्या रेघेएवढा. तिथून थेंब आत येत होता. तो सरळ खाली पडत नव्हता. तपेलीतून कपात चहा ओतताना तो जसा काठाला धरून तपेलीच्या बाहेरून ओघळतो, तसा तो थेंब दिव्यांकडे जाणाऱ्या वायरींना बिलगून, त्यांच्या पोटाखालून, डावीकडून थेट उजवीकडे जात होता आणि तिथे, जिथे मी इतके दिवस शोधत होतो, तिथे टपकत होता. पाण्याच्या पृष्ठताणाचा हा धडा मी वर्गात कैक वेळा शिकवला आहे.

मुलगी विजयी मुद्रेने बाहेर आली. केस, भुवया, नाक, सगळे खडूने पांढरे. म्हणाली, "बाबा, मग आजोबांच्या वह्या पण यानंच भिजल्या ना? काकांच्या घरी नाही ना?"

माझा पुरावा आता पुरा झाला होता. निमित्तही संपले होते.

त्या रात्री मी कपाटातून वह्या काढल्या आणि प्रथमच उघडून पाहिल्या. शाईचे हिशेब गेले होते, त्याला इलाज नव्हता. पण समासात काही बारीक अक्षरे जशीच्या तशी होती. आबांनी ती पेन्सिलीने लिहिली होती. शाई पाण्यात विरघळते, शिसे विरघळत नाही, हे मला माहीत होते. हिशेब कायम राहावा म्हणून आबा तो शाईने लिहीत, आणि मनात आलेले, पुढेमागे खोडून टाकता यावे म्हणून, पेन्सिलीने. पाण्याने नेमके कायमचे पुसले आणि पुसता येण्याजोगे ठेवले. कुठे 'आज हवा कोंदली', कुठे 'हिला बरे नाही', कुठे नुसते 'कंटाळा'. आणि मी वसतिगृहात राहायला गेलो त्या वर्षीच्या वहीत, एका जांभळ्या डागाच्या शेजारी : 'धाकट्याची फी भरली. थोरल्याने सायकल दिली.'

दादाची सायकल त्या वर्षी मोडली म्हणून भंगारात घातली, असे मला सांगितले होते. त्यानंतर मळ्याला तो पायीच जाई. मी कधी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, नागपंचमीनंतरचा पहिला. म्हणजे आमच्या खानदेशात कानबाईचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : या दिवशी कानबाईची स्थापना होते, रात्री जागर, दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवण. देवीच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी मोजून घेतात आणि ते रोट कुळातल्या भाऊबंदांनीच मिळून खायचे असतात. दरवर्षी दादा आठ दिवस आधी फोन करतो. यंदा केला नव्हता. कसा करील?

गाडीचा सांधा उघडा पडला होता, म्हणून एस.टी.ने निघालो. सौ. आणि मुलगी बरोबर. बाहेर पाऊस लागला होता. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी मांडीवर घेतल्या होत्या आणि एस.टी.चे छप्पर टपकत होते तिथून सरकून बसलो होतो. मनात एक भाषण तयार केले होते. त्यात पन्हळ होती, वायरी होत्या, खडूची पूड होती. 'चुकलो' हा शब्द शेवटी होता.

दादा ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला नाही, पण बाजूचे पोते सरकवून जागा केली. मी बसलो. भाषणातले एकही वाक्य आठवेना.

"दादा, माझी डिकी गळत होती," मी म्हणालो. "तुझा माळा नाही. मी चुकलो."

तो पावसाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माळा मी दोन वर्षांपूर्वीच नवा केला. पत्रे घातले. तू वर चढून कधी पाह्यलं नाही."

मी वही उघडून ती पेन्सिलीची ओळ त्याच्यापुढे धरली. चष्मा नसल्यामुळे त्याने ती हातभर लांब धरून वाचली. पुन्हा वाचली. मग अंगठ्याने त्या जांभळ्या डागावरून हात फिरवून म्हणाला, "शाई गेली वाटतं सगळी." आणि वही मिटून, आपल्या धोतराच्या सोग्याने पुसून, मांडीवर ठेवली. सायकलीविषयी तो काही बोलला नाही. मीही नाही.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. मी चाचरत म्हणालो, "वहिनी, न कळवताच आलो. आमची मूठ..."

"मूठ तर कालच मोजली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचे भाऊ म्हनले, तो येवो न येवो, मूठ कमी करायची नाही. चला, हात-पाय धुवा."

त्या दिवशी पुरणाची पोळी आणि गंगाफळाची भाजी खाताना मला वारंवार ठसका लागत होता. भाजी तिखट होती असे मी सांगितले.

पुढच्या आठवड्यात चाचांनी सांधा खरवडून स्वच्छ केला, गंज घासून काढला, लाल रंगाचा हात दिला, त्यावर सांध्याचे नवे लुकण बसवले आणि दिवसभर वाळू दिले. माझे पांढरे लुकण मात्र त्यांनी सगळे काढून टाकले. त्याच्यावर रंग धरत नाही, म्हणाले. मागच्या दिव्यांच्या गाद्याही बदलल्या. स्टेपनीच्या खड्ड्यातले बूच मोकळे केले. म्हणाले, "पानी येऊ देऊ नका हे खरं. पन आलंच, तर जायला वाट ठेवा. साचलं की सडते." मजुरी सांगितली ती इतकी थोडी होती, की मला आधीच्या खर्चाची लाज वाटली. चटई दोन दिवस उन्हात वाळवली. वास मात्र जायला बरेच दिवस लागले. ओल गेली तरी वास काही काळ राहतोच. त्याला घाई करून चालत नाही.

आता दिवाळी आली आहे. वसुबारसेला आम्ही गावी जाणार, डिकीत फराळाचे डबे असतील आणि परतताना दादाच्या बागेतला घड. पावसाळा संपला असला, तरी एक सवय मला लागली ती लागलीच. अधूनमधून अवकाळी सर येऊन जाते. मग मी डिकी उघडून चटईखाली हात घालून पाहतो. कोरडी असते. तिथेच उभा राहून दादाला फोन लावतो. बोलण्यासारखे फार नसते.

"पाऊस?"

"झाला थोडा."

"बाग?"

"ठीक आहे. तुझी डिकी?"

"कोरडी."

"बरं," दादा म्हणतो.

शब्द तोच आहे. पण आता तो फोन लगेच ठेवत नाही.